पात्राचे घर कसे मांडावे: रोलप्लेइंग खेळात नव्याने येणाऱ्यांसाठी

दर रविवारी दुपारी बडोद्यात, रावपुऱ्यातील एका जुन्या घराच्या माडीवर आमचा खेळ बसतो. नवी मोहीम सुरू करताना एकदा पाच खेळाडूंपैकी चौघांच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, कुटुंबाविषयी जवळजवळ एकच मजकूर निघाला: गाव जाळले गेले, आईवडील मारले गेले, पात्र तेवढे वाचले. खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरला आमच्याकडे सूत्रधार म्हणतात. आमच्या सूत्रधारबाईंनी ते चारही कागद सतरंजीवर ओळीने मांडले आणि शांतपणे विचारले, "गावे चार आहेत की एकच?" आम्ही हसलो, पण त्या चौघांपैकी एक कागद माझाही असल्यामुळे मला तो प्रश्न चांगलाच लागला.

अनाथ पात्र रचण्यात पाप काही नाही, परंतु त्यात सूत्रधाराची अडचण होते. मेलेली माणसे पत्र पाठवत नाहीत, उसने पैसे मागत नाहीत, धाकटीच्या लग्नाला ये म्हणून निरोप धाडत नाहीत आणि आपण न विचारता घर सोडून गेलो म्हणून रुसतही नाहीत. खेळाच्या टेबलावर उपयोगी पडते ते जिवंत आणि काहीतरी हवे असलेले कुटुंब. असे कुटुंब कसे उभे करायचे, हे मी या लेखात एका पात्राच्या उदाहरणाने सांगणार आहे.

अगदी नवख्या वाचकासाठी एवढे पुरे की गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून ही परंपरा सुरू झाली. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, प्रत्येक खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो, आणि यशाची खात्री नसेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो. आम्ही २०१४ ची आवृत्ती खेळतो. तिच्यात शिपाई, विद्वान, सरदारपुत्र, कारागीर अशा पूर्वपीठिका आयत्या दिलेल्या आहेत आणि त्यांच्यासोबत स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष यांच्या याद्याही आहेत. पात्राने आजवर काय केले, हे त्या याद्यांतून कळते. पात्र घरी परतले तर दार कोण उघडेल, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते.

पहिली पायरी: सूत्रधाराला विचारणे

कागदावर काही उतरवण्याआधी जग कसे आहे, ते विचारून घ्यावे. राज्य कोणाचे, युद्ध चालू आहे की संपले, जादू उघडपणे चालते की लपून, मोहीम कोणत्या शहरातून सुरू होणार, एवढी चार उत्तरे मिळाली तरी काम भागते. आपण स्वतःच एक साम्राज्य, तीन राजघराणी आणि एक भविष्यवाणी रचून आणली, तर ती सूत्रधाराच्या जगात बसवताना दोघांचीही दमछाक होते. किती लिहायचे, हेही तेव्हाच ठरवावे. आमच्याकडे एक पान ही मर्यादा आहे आणि माझ्या मते ती योग्यच आहे, कारण दहा पानांचा मजकूर सूत्रधार प्रेमाने वाचतो आणि दुसऱ्या बैठकीपर्यंत विसरतो.

दुसरी पायरी: आधी चूल, मग वंश

नवखा खेळाडू बहुधा वंशापासून सुरुवात करतो: कोणत्या राजाचा नातू, कोणत्या ड्रॅगनचा शाप. मी उलट बाजूने जायला सुचवते. या घरात पैसा कोठून येतो, हा पहिला प्रश्न असावा. घराचा धंदा ठरला की घर शहराच्या कोणत्या भागात आहे, घरी कोण येते-जाते, पात्राला लहानपणी कोणते काम सांगितले जाई आणि कोणत्या कामाबद्दल मार बसे, हे सारे आपोआप सुचत जाते.

माझे सध्याचे पात्र 'रोग' या वर्गाचे आहे; वर्ग म्हणजे पात्राचा पेशा. या वर्गनामाचे मराठीत काय होते ते सांगायला नकोच. आम्ही त्याला सरळ चोर म्हणतो. नियमाप्रमाणे चोराला कुलपे उघडण्याची हत्यारे वापरता येतात. ती कला त्याला कोठून आली, याचे नेहमीचे उत्तर म्हणजे अंधाऱ्या गल्लीतला कोणीतरी गुरू. मी ठरवले की माझ्या वेणूचा बाप कुलपे घडवतो. दुकानाच्या मागेच घर आहे, आणि सात वर्षांची वेणू बापाने केलेले प्रत्येक नवे कुलूप तारेने उघडून पाहते, कारण तिला ते उघडले तर बाप ते विकत नाही, मोडून पुन्हा घडवतो. चोराची सारी विद्या अशी प्रामाणिक घरात शिकली गेली. पूर्वपीठिकाही मग गुन्हेगाराची न घेता संघाच्या कारागिराची घेतली. अशा कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघाला गुजरातेत महाजन म्हणत, म्हणून वेणूच्या शहरातही तो शब्द आला.

हीच रीत इतर वर्गांना लावून पाहता येते. जादूगाराच्या घरी एवढी पुस्तके घ्यायला पैसे कोणी दिले आणि त्यासाठी कोणाचे शिक्षण थांबले? योद्ध्याला तलवार शिकवणारा मामा लढाईतून परतला तेव्हा त्याचा एक हात शाबूत होता का? देवाच्या सेवेला वाहिलेल्या पुजाऱ्याला घरच्यांनी आनंदाने पाठवले की एक खाणारे तोंड कमी झाले म्हणून?

तिसरी पायरी: नाव, गाव आणि कुलदैवत

ज्या बडोदेकर मराठी माणसाने लग्नाच्या पंगतीत शेजारच्या आजींशी दोन शब्द बोलले असतील, त्याला ही पायरी शिकवण्याची गरज नाही. आडनाव सांगितले की दुसरा प्रश्न येतो, "मूळचे कुठले?" १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले आणि पुढच्या पिढ्यांत शिपाई, कारकून, शास्त्री, गवई असे कितीतरी लोक दक्षिणेतून येथे आले. त्यांचे वंशज घरी मराठी आणि बाजारात गुजराती बोलतात, शेवउसळीवर गप्पा मारतात. पण कुलदैवत जेजुरीला, तुळजापूरला किंवा कोल्हापूरला असते आणि घरात लग्न झाले की तेथे जावेच लागते. ज्या गावात आपण कधी राहिलो नाही, ते आपले गाव, ही भावना कल्पनाविश्वातील पात्रासाठी फार मोलाची आहे.

त्यामुळे पात्राला दोन गावे द्यावीत: एक जेथे ते वाढले आणि एक जेथून त्याचे पूर्वज निघाले. निघण्याचे कारण एका वाक्यात सांगता आले पाहिजे. दुष्काळ, नोकरी, भाऊबंदकी, दरबारी अवकृपा यांपैकी कोणतेही चालेल. आडनावासाठी 'कर' प्रत्यय हाताशी आहेच. वेणूचे आडनाव खडकवेशीकर. पणजोबा ज्या डोंगरी गावाच्या वेशीवर लोहारकाम करत, ती खडकवेस आता नकाशावर नाही. का नाही, ते मी सूत्रधारबाईंवर सोपवले आहे. वाढत्या वयाचे शहर मात्र मी आपल्याच जुन्या बडोद्यावरून उचलले: चार दिशांना चार दरवाजे, मध्ये मांडवी, आणि पाणीगेटाच्या आतल्या अंगाला कुलुपाचे दुकान. ओळखीचा नकाशा डोक्यात असला की बैठकीत कोणी अचानक "तुझे घर कोणत्या बाजूला?" असे विचारले तरी अडखळायला होत नाही.

देवतांच्या बाबतीत थोडी काळजी घ्यावी. खेळाच्या जगातील देवमंडळ ठरलेले असते आणि त्यातूनच घराण्याचे दैवत निवडावे. आपल्या खऱ्या दैवतांना टेबलावर आणून त्यांच्या शक्तीचे आकडे मांडू नयेत, असे मला वाटते. पाच खेळाडूंपैकी एकाला तरी ते खटकते आणि त्याचे खटकणे रास्त असते.

चौथी पायरी: वंशावळ आणि नात्यांची नावे

आता एका कोऱ्या कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढावी. सातपेक्षा जास्त नावे नकोत आणि त्यांतली निदान चार माणसे जिवंत असावीत. प्रत्येक जिवंत माणसापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: त्याला काय हवे आहे आणि पात्राबद्दल त्याचे काय मत आहे. स्वभावाचे लांबलचक वर्णन लागत नाही. 'आत्या: वडिलांचे दुकान विकले जाऊ नये म्हणून धडपडते, वेणू पळपुटी आहे असे समजते' एवढ्या ओळीवर सूत्रधार अर्ध्या तासाचा प्रसंग उभा करू शकतो.

येथे मराठी खेळाडूला एक मोठा फायदा आहे आणि तो बहुतेक जण वापरत नाहीत. इंग्रजी नियमपुस्तकातला 'अंकल' म्हणजे काका, मामा, आत्याचा नवरा की मावशीचा, हे त्या शब्दावरून कळत नाही आणि म्हणून तो पाहुण्यासारखा येतो नि जातो. काका म्हटले की वाटणी, सामाईक भिंत आणि वडिलांशी असलेला अबोला आला. मामा म्हटले की सुटीतले घर आले, लपायची जागा आली आणि आईने माहेरी सांगितलेल्या व बापाला न सांगितलेल्या गोष्टी आल्या. आत्या लग्न होऊन गेलेली असली तरी माहेरच्या प्रत्येक निर्णयात तिला मत असते. जावा, नणंदा, साडू, विहीण यांच्यापैकी एखादे नाते कटकारस्थानात घातले, तर दरबारातली निम्मी राजनीती घरातच सापडते. पात्राला पैसे लागले तर ते मामाकडे जाईल. काकाकडे गेले तर समजावे की वेळ फारच वाईट आली आहे.

ज्यांना काही सुचतच नाही, त्यांच्यासाठी २०१७ साली निघालेल्या एका पूरक पुस्तकात जन्मस्थान, भावंडांची संख्या, घरची सांपत्तिक स्थिती वगैरे फासे टाकून ठरवण्याचे तक्ते आहेत. ते गमतीचे आहेत. फाशाने सात भावंडे दिली म्हणून सातही स्वीकारण्याची सक्ती नाही. दोघांना नावे द्यावीत आणि बाकीचे परगावी आहेत असे म्हणावे.

मनुष्येतर पात्रांच्या (बुटके ड्वार्फ, टोकदार कानांचे एल्फ वगैरे) वंशावळीत मात्र वयाचा हिशेब करावाच लागतो. आमच्या आवृत्तीप्रमाणे मनुष्य शंभरीच्या आत जातो, ड्वार्फ सरासरी ३५० वर्षे जगतो, तर एल्फ ७५० वर्षांपर्यंत जगू शकतो आणि शंभरीच्या आसपास स्वतःला सज्ञान म्हणवतो. तीनशे वर्षांपूर्वीची लढाई मनुष्याच्या घरात दहाव्या पिढीची दंतकथा असते. ड्वार्फाच्या घरात आजोबांनी ती अंगावर घेतलेली असते. एल्फच्या घरात तर आईचा त्या लढाईतल्या शत्रूवरचा राग अजून ताजा असतो. १७३४ साली तरुण असलेले आजोबा आज ओसरीवर बसून तीच हकीकत दर दिवाळीला सांगत आहेत आणि दर वेळी शत्रूची संख्या वाढवत आहेत, अशी कल्पना करून पाहावी. एल्फ पात्राची पार्श्वभूमी लिहिताना हा हिशेब विसरला, की शतकभराचे आयुष्य मागे असलेले पात्र अठरा वर्षांच्या मुलासारखे घरातून पळून आलेले दिसते.

पाचवी पायरी: एक न सुटलेली गोष्ट

कुटुंबकथेत एकच गुंता असावा, पण तो घरातल्या निदान तिघांना वेगवेगळा दिसावा. वेणूच्या घरात तो असा आहे: शहराच्या खजिन्याला तिच्या आजोबांनी घडवलेले कुलूप होते. एका सकाळी खजिना रिकामा आढळला आणि कुलूप जसेच्या तसे, बंद. ते फुटले असते तर घराण्याची अब्रू वाचली असती, कारण फोडणाऱ्याला घाव लागतो. पण शाबूत कुलूप म्हणजे दुसरी किल्ली, आणि दुसरी किल्ली म्हणजे घडवणाऱ्याचेच घर. आजोबा त्याच वर्षी वारले. वडिलांना महाजनाने काढून टाकले. ते अजून कुलपे घडवतात, पण ती विकत कोणी घेत नाही. थोरल्या भावाने खजिनदाराच्याच पदरी नोकरी धरली. आत्याला दुसऱ्या किल्लीबद्दल काहीतरी माहीत आहे आणि ती बोलत नाही.

खजिना कोणी लुटला, हे मी लिहिलेले नाही आणि मला ते माहीतही नाही. नवख्या खेळाडूंना हे जड जाते. आपल्या पात्राच्या घरातले रहस्य आपल्यालाच ठाऊक नसावे, ही कल्पना त्यांना अपुरी वाटते. परंतु उत्तर आपणच देऊन ठेवले, तर सूत्रधाराला करायला काही उरत नाही आणि आपल्याला शोधायलाही काही उरत नाही.

अनाथच करायचे असेल तर

काही जणांना तरीही अनाथ पात्रच हवे असते. त्यांनी मृत्यूऐवजी दत्तकविधानाचा विचार करावा, आणि त्यासाठी बडोदेकरांनी दूर जायला नको. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी दत्तक घेण्यासाठी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून काशीराव गायकवाडांचे मुलगे आणवले. त्यांतल्या बारा वर्षांच्या गोपाळरावाची निवड झाली. तोच पुढे तिसरे सयाजीराव झाला आणि १८८१ च्या डिसेंबरात त्याच्या हाती पूर्ण अधिकार आले. आता हे एखाद्या पात्राची पार्श्वभूमी म्हणून वाचावे. नवे नाव, नवी आई, हयात असलेला शेतकरी बाप, निवड न झालेले भाऊ, गादीवरून उतरवलेला नातलग आणि त्याचे शहरातले पाठीराखे, शिवाय या सगळ्यावर नजर ठेवून बसलेला इंग्रजांचा परका प्रतिनिधी, रेसिडेंट. जळालेल्या गावात यातले एकही माणूस सापडणार नाही.

सहावी पायरी: एखादी वस्तू

घराची आठवण देणारी एक वस्तू पात्राजवळ असावी आणि ती शक्यतो नियमांनी दिलेल्या सामानातलीच निवडावी. सरदारपुत्राच्या पूर्वपीठिकेत उंची कपडे, मोहोरेची अंगठी आणि २५ सुवर्णनाण्यांबरोबर वंशावळीची एक गुंडाळीही मिळते. ही गुंडाळी बहुतेक खेळाडू सामानाच्या यादीत लिहितात आणि पुन्हा कधी उघडत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला ज्यांनी आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही पाहिली आहे, त्यांना अशा कागदाचे वजन माहीत असते: आडनाव आणि गाव सांगितले की गुरुजी वही काढतात, आणि कोण कधी आले, सोबत कोण होते, मुलांची नावे काय, हे शाईत समोर येते. तुमच्या सरदारपुत्राच्या गुंडाळीत एक नाव खोडलेले असेल तर? ज्या देवळात मूळ वही आहे, तेथे ते नाव शाबूत असेल तर?

कारागिराच्या पूर्वपीठिकेत संघाचे ओळखपत्र मिळते. वेणूच्या वडिलांना तर महाजनाने काढलेले. मग तिच्याजवळचे पत्र कोणाच्या सहीचे? मी बराच वेळ विचार करून ते थोरल्या भावाने मिळवून दिले, असे ठरवले. कोणाकडून आणि कशाच्या बदल्यात, हे वेणूने विचारले नाही, कारण तिला पत्राची गरज होती.

एका पानात मांडणे

या सर्व तयारीतून सूत्रधाराला द्यायचा मजकूर थोडाच असतो. वेणूचा मी दिला तो असा:

"मी वेणू खडकवेशीकर, वय एकोणीस. बाबा कुलपे घडवतात, ती कोणी घेत नाही. आजोबांचे कुलूप बंद असताना खजिना लुटला गेला, त्याला अकरा वर्षे झाली. दादा खजिनदाराकडे कारकून आहे. घरखर्च तो देतो, म्हणून बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. दुकान विकू नये यासाठी आत्या दर महिन्याला सासरहून येऊन भांडते. आई दोघांची समजूत घालते आणि माझे लग्न ठरवते. मी शहर सोडताना आजोबांची तार सोबत घेतली. ती कोणत्या कुलपासाठी वाकवली होती, ते मला माहीत नाही."

एवढेच. यात तिचे डोळे कोणत्या रंगाचे, ती किती शूर, हे काही नाही. ते खेळताना दिसेल.

दोन सावधगिरीच्या सूचना येथेच देऊन ठेवते. पहिली अशी की स्वतःच्या घरातले ताजे दुखणे पात्राला देऊ नये. मी एकदा आमच्याकडच्या वाटणीचा वाद नावे बदलून खेळात घातला. चुलतभाऊ त्याच टेबलावर होता आणि त्याने तो पहिल्या पाच मिनिटांत ओळखला. ती बैठक तेथेच थांबली आणि पुढचे दोन रविवार आम्ही भेटलो नाही. दुसरी सूचना, शहरातल्या खऱ्या घराण्याची कुजबुज उचलून पात्राला चिकटवू नये. येथला मराठी समाज एवढा लहान आहे की दांडियाबाजारात बोललेले संध्याकाळपर्यंत कारेलीबागेत पोहोचते.

खेळ सुरू झाल्यावर

पार्श्वभूमी लिहून झाली म्हणजे संपली असे नाही. तिला खेळात येऊ द्यावे लागते, आणि त्यात खेळाडूचाही वाटा असतो. मुक्कामाला थांबल्यावर "मी घरी पत्र लिहिते" एवढे म्हटले तरी सूत्रधाराला उत्तर पाठवण्याची संधी मिळते. इतर पात्रांना त्यांच्या घराबद्दल विचारावे. स्वतःचेच पुराण लावणारा खेळाडू तिसऱ्या बैठकीत सर्वांना नकोसा होतो. सूत्रधाराने आपल्या भावाला शत्रूच्या बाजूला उभे केले, तर "मी असे लिहिले नव्हते" म्हणून अडून बसू नये. कुटुंबातल्या कोणाला मारायचे असेल तर सूत्रधाराने आधी विचारावे, असा मात्र आमच्याकडे दंडक आहे आणि तो नव्या गटांनी पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावा.

वंशावळीचा कागद पेन्सिलीने काढलेला असावा, कारण दर काही बैठकांनी त्यात भर पडते. वेणूच्या कागदावर आता दादाच्या पुढे एका मुलीचे नाव आले आहे, ती खजिनदाराची भाची निघाली. आजोबांची तार गेल्या रविवारी एका कुलपाला बरोबर बसली; कुलूप आत्याच्या सासरच्या माडीवरच्या पेटीला होते. मी पेटी उघडते म्हणाले, तेव्हा सूत्रधारबाईंनी फासे गोळा केले, चहा मागवला आणि बैठक संपली असे जाहीर केले.